भारहर मोकळा होण्याआधी

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचं काम दिवाळीनंतर निघालं आणि डिसेंबर सरत आला तरी संपेना. परांचीवर हिरवी जाळी ताणलेली होती. घरात दिवसभर हिरवट उजेड असे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुसुमताईंचं जिने उतरणं थांबलंच होतं. आता गॅलरीतून रस्ताही दिसत नव्हता. स्कूटरचे हॉर्न, क्लासला जाणाऱ्या मुलांची बडबड, कुणाचं तरी पार्किंगवरून चाललेलं भांडण, एवढंच वर येई.

आमोद आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन.

"बाई, ओळखलंत का?"

"रंगनाथरावांचा नातू. पेढे आणलेस म्हणजे काहीतरी मागायला आला असशील. बस."

आमोद हसला. त्याची आत्या कुसुमताईंकडे शाळेत पदार्थविज्ञान शिकली होती, म्हणून त्या घरात सगळेच त्यांना बाई म्हणत. 'गलबत' हे मुलांचं मासिक त्याच्या आजोबांनी, रंगनाथरावांनी काढलं. मासिक कधीच बंद पडलं होतं. प्रकाशनसंस्था होती आणि आता ती आमोद चालवत होता.

"अवनीनं इन्स्टाग्रामवर लिहिलेलं वाचलं," तो म्हणाला. "फार सुंदर लिहिलंय हो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

अवनी, त्यांची नात, आतल्या खोलीत काम करत होती. स्वतःचं नाव ऐकून ती दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्या डोळ्यांत?" ती म्हणाली. "स्क्रीनशॉट काढून ठेवायला हवा होता."

तिनं लिहिलं होतं ते असं: येत्या एक जानेवारीला भारहर सगळ्यांचा होणार. माझ्या आजी-आजोबांनी एका टेबलाशी बसून घडवलेला हा मराठी चित्रकथेतला सुपरहिरो साठ वर्षं कुलपात होता. आजीचं नाव कधी छापलं गेलं नाही. या वेळी छापलं जाईल. खाली तिनं काढलेलं नवं चित्र होतं आणि नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ.

पुस्तक तयार होतं. ती बाणेरच्या एका स्टुडिओत ॲनिमेशनचं काम करायची आणि उरलेल्या वेळात गेली काही वर्षं हेच काढत बसली होती. नारायण पेठेतली शेफाली ते छापणार होती.

कुसुमताईंचं लग्न झालं तेव्हा गोपाळकृष्ण वाटवे 'गलबत'मध्ये चित्रं काढत. एकदा त्यांनी एक पिळदार माणूस काढला, एका हातानं बस उचललेला. कुसुमताई तेव्हा नुकत्या बी.एस्सी. झाल्या होत्या. चित्राकडे पाहून त्यांनी विचारलं, "बसचं वजन गेलं कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते नाहीसं तर होणार नाही. कुठेतरी जायला हवं."

त्यातून भारहर आला. तो कुठलीही वस्तू हलकी करू शकतो, पण तिचं वजन त्याच्या स्वतःच्या अंगावर येतं. माणसं सुटतात आणि तो जागच्या जागी खिळून राहतो, घोट्यांपर्यंत जमिनीत रुततो. दर महिन्याची गोष्ट तो त्यातून कसा सुटतो याची असे. ती दोघं मिळून करत. कागद टेबलावर इकडून तिकडे सरके. एक चौकट ते काढत, त्यातला रुतलेला पाय त्या खोडून पुन्हा काढत, संवाद कुणाचा हे नंतर दोघांनाही सांगता येत नसे. नाव मात्र एकाचंच गेलं. "बाईंचं नाव नको," रंगनाथराव म्हणाले होते, "मुलगे वाचतात." गोपाळकृष्ण तेव्हा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढे त्यांनी भारहरचे सगळे हक्क रंगनाथरावांच्या संस्थेला कायमचे लिहून दिले आणि पासष्ट साली ते काविळीनं गेले. मुलगा तेव्हा रांगत होता. भारहरची नवी गोष्ट पुन्हा आली नाही. संस्थेनं तो जाहिरातीसाठी एका पाण्याच्या टाक्यांच्या कंपनीला दिला. पुण्यातल्या कितीतरी गच्च्यांवर तो डोक्यावर टाकी घेऊन हसत उभा होता. कुसुमताईंना ते हसणं कधीच सहन झालं नाही. वजन अंगावर असताना तो हसला नसता.

मरायच्या आधी त्याला पुन्हा एका गोष्टीत पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. नावाचीही होती, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. अवनीला ती न सांगताच कळली होती.

"मुद्द्यावर ये, आमोद," त्या म्हणाल्या.

"मुद्दा हाच, की अन्याय झालाय. आमच्या घराकडून झालाय. मला तो दुरुस्त करायचाय." त्यानं बॅगेतून एक फाइल काढली. "भारहरचा समग्र संच. मोठ्या आकारात. मुखपृष्ठावर दोन नावं. गोपाळकृष्ण आणि कुसुम वाटवे. सारख्या टाइपात. आपला जाहीर सत्कार. आपण फक्त एवढंच लिहून द्यायचं, की हे काम दोघांचं होतं."

अवनी पुढे आली. तिचा चेहरा उजळला होता. "खरंच?"

कुसुमताई फाइलकडे पाहत नव्हत्या. "साठ वर्षं सुचलं नाही ते या महिन्यात का सुचलं?"

"आपण शास्त्राच्या. आपल्यापासून काय लपवणार." आमोदनं चष्मा पुसला. "लेखक गेल्यानंतर साठ वर्षं पुरी झाली की कॉपीराइट संपतो. गोपाळरावांचा या एकतीस तारखेला संपतो. पण काम दोघांचं, एकमेकांत मिसळलेलं असेल, तर मुदत दोघांतलं जे मागे राहतं त्याच्यापासून मोजतात. आपण शंभर वर्षं जगा. त्यानंतर साठ."

पेढ्यांचा पुडा मध्ये तसाच होता. अवनी हळूच खुर्चीत बसली.

"पण मग आजीचा अर्धा हक्क आहे," ती म्हणाली. "ती मला परवानगी देईल."

"एकट्याला देता येत नाही गं. दोघांची लागते. गोपाळरावांचा वाटा आमच्याकडे आहे." आमोदचा आवाज मऊ होता. "आणि आम्ही देणार नाही असं कुठे म्हणतोय? टाक्यांच्या कंपनीशी करार आहे, आता त्यांना भारहरची मालिका काढायचीय. त्यात तुझ्यासाठी काम बघू. पण हे असं, एक तारखेपासून ज्यानं त्यानं उठावं आणि भारहर काढावा, ते नको."

"आणि मी लिहून दिलं नाही तर?" कुसुमताईंनी विचारलं.

"तर अवनीची पोस्ट आहेच. ती मी कोर्टापुढे ठेवीन. तुमच्या नातीनंच सांगितलंय दोघांनी घडवला म्हणून. खरंही आहे ते. आमचे आजोबा सांगायचे, गोपाळरावांना चित्रं सुचतात, प्रश्न त्यांच्या बायकोला पडतात." तो उठला. "मी उद्या येतो. बाई, एक गोष्ट लक्षात घ्या. मी आपल्याला खोटं बोलायला सांगत नाहीये."

तो गेल्यावर बराच वेळ परांचीवरच्या माणसांचं बोलणं ऐकू येत राहिलं. कुणीतरी बादली वर ओढत होतं.

"मी पोस्ट काढून टाकते," अवनी म्हणाली.

"त्यानं ठेवली असेल की. स्क्रीनशॉट त्यालाही काढता येतो."

"मला माहीत नव्हतं, आजी. मला वाटलं, मुदत आजोबांचीच. मी फक्त..."

"तू बरोबरच लिहिलंस."

"मग दे लिहून. नाव येऊ दे तुझं. पुस्तक गेलं खड्ड्यात."

कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. आतल्या टेबलावर तिच्या पुस्तकाची पानं होती. त्यात भारहर खडकवासल्याच्या वाटेवर एका घसरत्या टेकडीखाली उभा होता. खालच्या घरांतली माणसं निघून जाईपर्यंत तो हलू शकत नव्हता. पाय कसे रुतवायचे हे त्यांनीच तिला दाखवलं होतं. लहानपणी, वहीच्या मागच्या पानावर.

"मी गेल्यावर साठ वर्षं," त्या म्हणाल्या. "तू तेव्हा माझ्याएवढी असशील. तोवर तो टाक्या वाहणार."

फोन वाजला. शेफाली होती. अवनीनं स्पीकर लावला.

"अगं, आमोदची नोटीस आलीये मला. सकाळी सकाळी शुभेच्छांच्या फॉरवर्डमध्ये मिसळून पाठवलीय, काय माणूस आहे! हे बघ, मी छापायला तयार आहे. पण मला आजींच्या हातचं लेखी हवं, की त्यांचा यात वाटा नव्हता. साक्षीला घरातलं कुणीतरी. तू लिहिलंस त्याच्या उलट तूच सही केलीस, तर तो काही करू शकणार नाही. नाहीतर माझा प्रेसवाला हात लावणार नाही."

"शेफाली, ते खोटं आहे."

"माहितेय गं मला. म्हणून तर लेखी मागतेय. खरं असतं तर तोंडी चाललं असतं."

फोन बंद झाल्यावर अवनी उठून गॅलरीत गेली आणि लगेच परत आली. तिथे उभं राहून पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

"मी हे करणार नाही," ती म्हणाली. "तुझं नाव यावं म्हणूनच मी हे सगळं सुरू केलं."

"मी त्याची नवी गोष्ट यावी म्हणून तुला शिकवलं."

"दोन्ही का नाही होत?"

कुसुमताईंनी उत्तर शोधून पाहिलं. वर्गात असा प्रश्न आला की त्या फळ्यावर आकृती काढायच्या, बाण काढायच्या, आणि कुठेतरी वाट सापडायची. खरं सांगितलं तर भारहर अडकतो; अर्ध्या हक्कानं आमोदला अडवता येईल, पण नवी गोष्ट येणार नाही. खोटं सांगितलं तर त्या. गप्प राहिलं तर दोघंही, कारण कोर्टात तारखांवर तारखा पडत राहणार आणि त्या तारखांना पुरायला त्यांच्याकडे वय नव्हतं. त्यांनी तिन्ही पुन्हा तपासलं. चौथं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमोद आला तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला आणि तो अर्धा होईपर्यंत थांबल्या.

"भारहर माझ्या यजमानांचा," त्या म्हणाल्या. "मी शाई भरत होते. चौकटींच्या रेघा आखून देत होते. नातीला माझं कौतुक, म्हणून तिनं वाढवून लिहिलं."

आमोदनं कप खाली ठेवला. "बाई."

"बोल."

"आणि वजनाचं? ते त्याच्या अंगावर येतं, ते?"

"त्यांनाच सुचलं."

"गोपाळरावांना? ज्यांनी एकदा सूर्य उत्तरेला उगवलेला काढला होता?"

कुसुमताईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि थांबलं. तो सूर्य त्यांनीच छापखान्यात जायच्या आधी खोडला होता. ते या माणसाला रंगनाथरावांकडून कळलं असणार. म्हणजे त्या घरात कुणीतरी त्यांचं काम पाहिलं होतं. इतक्या वर्षांनी ते त्यांना कुणीतरी सांगत होतं, आणि त्यांना ते नाकारावं लागत होतं.

"चित्रकाराला दिशा कळायलाच हवी असं नाही," त्या म्हणाल्या. "कल्पना त्यांचीच."

"आपण मुलींना शिकवलंत. आत्या अजून सांगते, बाई एका मार्कासाठीसुद्धा..."

"आत्याला नमस्कार सांग."

आमोदनं बॅग जवळ ओढली. तो रागावलेला दिसत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत असावं. "आम्ही आपलं नाव छापलं नाही, हे कबूल," तो उठताना म्हणाला. "पण पुसताय आपण."

दार अवनीनं लावलं.

कागद कुसुमताईंनी सकाळीच लिहून ठेवला होता. सही केलेली होती. त्यांनी तो टेबलावर अवनीकडे सरकवला आणि पेन वर ठेवलं.

"साक्षीदार म्हणून, इथे."

"आजी, मला सगळं माहितेय. मी तुझ्या मांडीवर बसून ते पाय काढायला शिकलेय."

"म्हणून तर तुझी सही हवी. परक्याची कोण मानेल?"

"उद्या कुणी मला विचारलं, भारहर कुणी केला? मी काय सांगू? सगळ्यांसमोर?"

"आजोबांनी."

"दर वेळी?"

"दर वेळी. मी गेल्यावरही. एकदा चुकलीस तरी तो पुन्हा आत जाईल."

अवनीनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. ती रडत नव्हती. तिनं सही केली ती नेहमीची गोल सही नव्हती. बँकेत करतात तशी, एकेक अक्षर सुटं.

"तारीख राहिली," कुसुमताई म्हणाल्या.

तिनं तारीख घातली.

कुसुमताईंनी कागद उजेडाकडे धरला. हिरवट उजेडात अक्षर स्वच्छ दिसत होतं. वाक्यं सरळ होती, कुठेही खाडाखोड नव्हती. भारहरविषयी त्यांनी लिहिलेलं आणि खाली स्वतःचं नाव घातलेलं हे पहिलंच पान होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं, एखादा स्वल्पविराम सुटला आहे का ते पाहिलं.

"फोटो काढून पाठव शेफालीला," त्या म्हणाल्या. "आणि मूळ कागद स्वतः नेऊन दे. प्रेस लवकर बंद होतो म्हणाली होती."