कागद नसलेला काबऱ्या

मित्रांनो, मी एक मिश्र जातीचा कुत्रा आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. माझी आई नामपूरच्या कांदा मार्केटमधली भटकी, तर वडील एका बंगल्यातले अल्सेशियन. माझा एक कान ताठ, दुसरा लोंबता, आणि अंगावर इतके रंग की नावच काबऱ्या पडले. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या.

भागुबाईंनी मला पिल्लू असताना मार्केटमधून पदरात घालून मळ्यात आणले. वडिलांचे नाक आणि आईचा हट्ट घेऊन मी पाच वर्षे कांद्याच्या चाळीची राखण केली. उन्हाळी कांदा या लांबलचक, जाळीच्या चाळीत महिनोन् महिने साठवतात. मला शाबासकी क्वचितच मिळाली, पण भाकरी वेळेवर मिळाली.

मग भागुबाईंचा मुलगा धनराज नाशिकहून लॅब्राडोर घेऊन आला. त्याच्यासोबत त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे लिहिलेला कागद होता. तो बिचारा स्वभावाने गरीब, त्याच्यावर माझा राग नाही. पण पाहुणे आले की मला गोठ्यामागे हाकलत, त्याचा मला फार राग यायचा.

श्रावणात चाळीच्या मधल्या कप्प्यातून मला वेगळाच वास येऊ लागला. मी भुंकलो, कोणी लक्ष देईना. मग मी जाळी उचकटली आणि कांदे बाहेर ओढले. धनराजला दिसले फक्त विखुरलेले कांदे. हा आता नासधूस करतो, मार्केटमधला आहे तर मार्केटलाच सोडतो, असे म्हणत त्याने मला कांद्याच्या ट्रॉलीत दोरीने बांधले. नकोशी कुत्री आमच्याकडे अशीच जातात. कांद्याबरोबर कुत्रा उतरवतात आणि ट्रॅक्टर रिकामा परततो. मला माझे घर सोडायचे नव्हते. मी केविलवाणा झालो नाही. त्या कप्प्याकडे तोंड करून भुंकतच राहिलो.

शेवटी भागुबाई उठल्या. मी उचकटलेल्या जागेतून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांवरून काळे पाणी गळत होते.

"कांदा सडेल शे," त्या शांतपणे आमच्या अहिराणीत म्हणाल्या. "कुत्रा नई चुकना, तू चुकना."

सगळ्यांनी मिळून दोन दिवस तो कप्पा उपसला, सडका कांदा वेगळा काढला. बाकीची चाळ वाचली. माझी दोरी धनराजने स्वतः सोडली, पण माझ्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

मित्रांनो, कुत्रा पाळायचा तर त्याचा कागद पाहू नका. तो जीव तोडून भुंकत असेल, तर उठून बघा तरी. आम्हाला तुमची दया नको, एवढे लक्ष पुरे.

परवा एका पाहुण्याने माझी जात विचारली आणि लोंबत्या कानाला हसला. मी गोठ्यामागे गेलो नाही. धनराजने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हाऊ आमना शे," तो म्हणाला. आमचा, असे म्हणाला तो.

आणि तो कान माझ्या आईचा आहे. तो असाच राहील.