धुतलेला दगड

अन्स्लमने एकवीस वर्षं शोभेचे मासे पकडले, पण त्याने पकडलेला एकही मासा चार दिवसांपलीकडे त्याच्या नजरेसमोर राहिला नव्हता. समुद्राच्या तळाशी हातजाळीत, जाळीतून पिशवीत, पिशवीतून व्यापाऱ्याच्या शेडमधल्या टाकीत, आणि चौथ्या दिवशी विमानतळाच्या वाटेला. पुढे तो जगतो की मरतो, हे कल्पिटियाच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही पाणबुड्याने विचारलं नव्हतं. विचारण्याचं कारणही नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत, दिवसातल्या चौथ्या बुडीला, शंभर फुटांवर त्याची हवा संपली आणि तो झपाट्याने वर आला. रक्तात बुडबुडे झाले. होडीत ओढून घेतलं तेव्हा कमरेखालचं शरीर त्याचं राहिलं नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो चाकाच्या खुर्चीवर आला. खुर्चीवर तरी कशाचा, खाटेवरच. दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचा. बायको शिरोमी सुक्या मासळीच्या वखारीत कामाला जाताना चहा ठेवायची, ती परत आल्यावर तो तसाच सापडायचा.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत शिरोमीचा धाकटा भाऊ जूड दोन फुटांची एक काचेची टाकी घेऊन आला. तो अन्स्लमचा होडीवरचा जोडीदार, त्याला ‘अय्या’ म्हणजे दादा म्हणायचा. कुठलंसं हॉटेल बंद झालं होतं, तिथून त्याने ती उचलली होती.

“घे, अय्या. आता तू मासळीकडे जायचं नाही, मासळी तुझ्याकडे येईल.”

“आणि तिला खायला कोण घालणार? तुझी बहीण मलाच कशीबशी घालते.”

पण दुसऱ्या दिवशी टाकी खिडकीपाशी बसली. वाळू, एक भोकाभोकांचा दगड, हवेचा छोटा पंप, आणि संध्याकाळी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउन माशांची जोडी. मादी मोठी, नर लहान. सगळं अन्स्लमने शेडमध्ये पाहिलं होतं तसंच लावलं. शेडमधला मुकादम म्हणायचा, शेवाळ तिथे मरण. म्हणून रोज पहाटे जूड प्रवाळाच्या रांगेपलीकडून तीन कॅन स्वच्छ पाणी आणायचा. मासे बादलीत काढायचे, जुनं पाणी ओतून द्यायचं, वाळू खळबळायची, दगड नळाखाली धरून ब्रशने पांढरा होईपर्यंत घासायचा, काच फडक्याने पुसायची.

“माझी भांडी कधी घासली होतीस अशी?” शिरोमी म्हणाली.

“तुझी भांडी मरत नाहीत.”

ती हसली, पण जास्त बोलली नाही. साडेपाचला हा माणूस आपणहून खुर्चीत बसून दाराशी येतो, जूडच्या इंजिनाचा आवाज ऐकत थांबतो, हे तिने पाहिलं होतं. पाहिलेलं बोलून दाखवलं तर मोडेल, अशी तिला भीती होती. टाकीतल्या दोन बोटभर जिवांवर आपलं घर उभं आहे, हे तिला कळून चुकलं होतं.

गुड फ्रायडेला त्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही. शनिवारीही नाही. शुक्रवारी पाणी बदललं नाही. शनिवारी दुपारी मादी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागली. अन्स्लमने शिरोमीला किनाऱ्यावरून बादली भरून आणायला लावली. ते पाणी गढूळ निघालं. त्याने कापडातून गाळून ओतलं. सूर्य मावळण्याआधी मादी वाळूवर आडवी झाली. त्याने तिला तळहातावर घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. हातात मेलेला मासा त्याला नवा नव्हता. पण हिला तो सव्वीस दिवस ओळखत होता.

सोमवारी शेजारच्या सिफाया टीचर ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला आल्या. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, प्रयोगशाळेत त्यांनी खाऱ्या पाण्याची एक टाकी ठेवली होती. शिरोमीने त्यांच्यापुढे केक ठेवला. टीचरांचं लक्ष टाकीकडे गेलं.

“दगड एवढा पांढरा कसा?”

“मी घासतो. रोज,” अन्स्लम म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

“कशाने?”

“नळाच्या पाण्याने.”

टीचरांनी केकची बशी खाली ठेवली. “अन्स्लम, माशाची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे जीव दगडावर, वाळूत राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वस्ती करायला महिना लागतो, कधी दीड महिना. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. तुम्ही रोज सकाळी त्यांची वस्ती जाळता.”

“शेडमध्ये असंच करतात.”

“शेडमध्ये मासा किती दिवस असतो?”

तो पांढऱ्या दगडाकडे बघू लागला.

“पाणी मुरावं लागतं,” त्या म्हणाल्या. “लोणच्यासारखं.”

“आणि तोवर मासा?”

“तोवर मासा ठेवायचाच नसतो. टाकी आधी, मासा मागून. नाहीतर रोज नवं पाणी आणा, आणि एक दिवसही चुकू नका.”

टीचर गेल्या. उरलेला नर दगडाच्या आडोशाला एकाच जागी पंख हलवत होता. अन्स्लमने मनाशी दिवस मोजले. तीन आठवड्यांत वारकान सुटणार, म्हणजे नैऋत्येचा वारा. तो सुटला की ऑक्टोबरपर्यंत पश्चिमेचा समुद्र बंद. जूड दरवर्षी एप्रिलअखेर होडी ट्रकवर चढवून पूर्व किनाऱ्याला, त्रिंकोमालीला जायचा.

संध्याकाळी जूड आला. त्याला सगळं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मग म्हणाला, “मी नाही जात त्रिंकोला या वर्षी.”

“का?”

“पाणी कोण आणणार?”

“वारकानात? प्रवाळापलीकडे?” शिरोमी आतून बाहेर आली. “त्या फुटक्या होडीतून? जूड, तुझी शवपेटी मी नाही खांद्यावर घेणार.”

“अक्का, तू मध्ये पडू नको. सकाळी सकाळी वारा कमी असतो.”

“कधी असतो? कुणाला सांगतोस?”

“माझ्यावर आहे ते,” जूड म्हणाला. बहिणीकडे न बघता.

अन्स्लमने धाकट्या भावाला हाक मारावी तसं विचारलं, “काय आहे तुझ्यावर, मल्ली?”

जूड उंबऱ्याची कड नखाने खरवडू लागला. होडीत हवेचा एक सिलिंडर नेहमी भरलेला राखून ठेवायचा, असा त्यांचा नेम होता. कुणी घाईने वर आलं तर त्याला लगेच पुन्हा खाली न्यायचं आणि सावकाश वर आणायचं, हा तिथल्या पाणबुड्यांचा जुना उपाय. त्यानेही पाय वाचतीलच असं नाही, पण आशा असते. त्या दिवशी राखीव सिलिंडर जूडने सकाळीच स्वतःसाठी शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, काढण्यात संपवला होता.

“तो रिकामा होता, हे मला माहीत आहे,” अन्स्लम म्हणाला. “होडी हलली तेव्हा फळीवर वाजला. भरलेला तसा वाजत नाही.”

शिरोमी हे पहिल्यांदाच ऐकत होती.

जूडने मान वर केली. “पंधरा महिने तुला माहीत होतं?”

“तू तेव्हाच बोलला असतास तर मी शिव्या घातल्या असत्या. महिनाभर घातल्या असत्या. आईवरून घातल्या असत्या. मग कधीतरी थांबलो असतो. तू पाणी आणत बसलास, मीही आणू दिलं. पाणी आणून पाय येत नाहीत, मल्ली. तू त्रिंकोला जा.”

“आणि हा?” जूडने टाकीकडे हात केला.

अन्स्लमने खुर्ची टाकीजवळ नेली. “हा उद्या परत जाईल. कुठून काढलास, आठवतंय?”

“दुसऱ्या खडकाखालचं समुद्रफूल,” जूड म्हणाला. खडकाला चिकटलेल्या त्या डसणाऱ्या जिवात क्लाउन मासे घर करतात, तेवढ्या त्यांना तो डसत नाही.

“वरून फेकायचा नाही. पिशवी तळाशी नेऊन उघडायची. हळूहळू पाणी मिसळू द्यायचं. आजूबाजूला मोठा मासा असेल तर हलायचं नाही तिथून.”

“अय्या, आपण आजवर मासा कधी परत सोडलाय?”

“नाही. म्हणून तर नीट सांगतोय.”

दुसऱ्या दिवशी जूड दुपारी आला. केस अजून ओले होते.

“गेला का आत?”

“लगेच नाही. फूल त्याला डसत होतं, ओळख विसरलं होतं. हा जायचा, अंग लावायचा, मागे यायचा. दहा-बारा वेळा. मग शिरला.”

“तू किती वेळ होतास?”

“अर्धा सिलिंडर.”

अन्स्लमने मान हलवली.

निघण्याआधी जूडने ओल्या गोणपाटात गुंडाळून समुद्रातून नवा दगड आणला आणि शेवटचे तीन कॅन भरून दिले. दगड कुणी धुतला नाही. टीचरांच्या सांगण्यावरून अन्स्लमने विष खाणाऱ्या त्या जिवांसाठी कोळंबीचा एक तुकडा पाण्यात टाकला आणि तो सडू दिला. मग वारा सुटला. खिडकीवर रात्रंदिवस वाळू आपटू लागली.

टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या आठवड्यात तो पुन्हा दहा वाजेपर्यंत पडून राहिला. शिरोमीने चहा ठेवला, परत येऊन ओतून दिला. देवाच्या तसबिरीपुढे ती उभी राहिली, पण मासा मागावा असं तिला सुचेना, आणि दुसरं काय मागायचं ते कळेना. दुसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर चढला. त्याचा हात दोनदा फडक्याकडे गेला, दोनदा मागे आला. दर मंगळवारी टीचर नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत. रंग गडद हिरवा येई. विष आहे अजून, त्या म्हणत.

चौथ्या मंगळवारी रंग फिका आला.

त्यानंतरच्या गुरुवारी शिरोमी पहाटे उठली तर खाट रिकामी. तो चष्मा लावून, नाक काचेला टेकवून बसला होता. दगडाच्या एका भोकातून केसाएवढा किडा अर्धा बाहेर येऊन शेवाळ चाचपत होता. त्याच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन गोगलगायी होत्या. दगडाबरोबर आल्या असणार.

“रात्री तीन होत्या,” तो म्हणाला. “आता दोनच दिसतायत. तू सरक, उजेड अडतोय.”

ती सरकली. चहा तिथेच आणून दिला. तो त्याने गरम असतानाच प्यायला.

जूनच्या मध्याला त्रिंकोहून जूडचा फोन आला. वाऱ्यात शब्द तुटत होते.

“अय्या, इथे क्लाउनची एक जोडी हेरून ठेवलीय. येताना आणू?”

“टीचर हो म्हणाल्या तर. ऑक्टोबरला बघू.”

“तोवर काय करशील? रिकाम्या टाकीकडे बघत बसणार?”

“रिकामी कुठेय,” अन्स्लम म्हणाला. “तू तुझी हवा बघ. राखीव भरलेला आहे ना?”



“आहे. निघण्याआधी उचलून बघतो, अय्या. रोज.”