ज्ञानोबाची दिल्ली

पंचफुलानं मांडीवरचं शेंगांचं टोपलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि लेकीच्या मोबाईलवर डोकं झुकवलं. बुद्धप्रिया बोटानं चित्रं सरकवत होती. आधी लाल किल्ला आला, मग रुंद रस्ता आणि कारंजी. त्यामागून बंगळुरूची बाग आली, बागेतलं काचेचं घर आलं.

"आता सांग, आई. दिल्ली का बंगळुरू? दिवाळीच्या सुट्टीत मला दोन्हीकडं जमतंय. तू म्हणशील तिकडं."

"माझं तर लग्नापासूनच ठरलंय," पंचफुला म्हणाली आणि उगाच लाजली.

"बंगळुरू," दारातून ज्ञानोबा म्हणाला.

मायलेकींनी एकदम वर पाहिलं. ज्या माणसाला सगळं अर्धापूर ‘दिल्लीवाले’ म्हणून हाक मारत होतं, त्याच्या तोंडून बंगळुरू निघावं हे नवलच होतं. गेल्या आठवड्यापर्यंत त्यानं त्या गावाचं नावही कधी घेतलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही? दिल्ली सोडून?"

"माझे गुडघे दुखून राहिले. तिथं फिजूल चालावं लागतं. हवाबी खराब झाली म्हणतात. दुरून डोंगर साजरे, बाई."

"सांगायला दिल्ली आन् न्यायला बंगळुरू!" पंचफुला म्हणाली. ती थट्टेत बोलायला गेली, पण आवाज मधेच ओला झाला. ज्ञानोबा चपला पायात सरकवून बाहेर निघून गेला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो केळीच्या ट्रकवर हमाल म्हणून दिल्लीला गेला होता. आठ-पंधरा दिवसांत येतो म्हणाला आणि उगवला दोन महिन्यांनी. गालफडं बसलेली, डोक्यावरचे केस विरळ झालेले. "दिल्लीची थंडी," एवढंच म्हणाला. नवी नवरी रडायलाच लागली, तेव्हा तिला गप्प करायला त्यानं दिल्ली सांगायला घेतली. ती सांगून आजवर संपली नव्हती.

संध्याकाळी वीज जायची, लेकरं अंगणात आडवी व्हायची आणि पंचफुला म्हणायची, "सांगा की दिल्ली." मग तो सांगायचा. तिथं पहाट होते, पण उजाडत नाही. धुकं एवढं दाट, की आपला हात आपल्याला दिसत नाही. घोड्याच्या टापा ऐकू येतात, घोडा दिसत नाही. केळीच्या बाजारात माणसं टक्कर होऊ नये म्हणून एकमेकांना हाका मारत चालतात. अशा त्या धुक्यात लांब कुठंतरी एक लाल ठिपका दिसतो. जवळ जावं तर शेगडी, आणि शेगडीपाशी निळी शाल पांघरलेली एक म्हातारी रताळी भाजत बसलेली. तिनं ज्ञानोबाच्या हातावर गरम रताळं ठेवलं, पैसे घेतले नाहीत. "बेटा, घर में कौन है?" म्हणून विचारलं.

"मग तुम्ही काय सांगितलं?" हे पंचफुला दर वेळी विचारायची.

"पंचफुला हाय म्हणलं."

"मग?"

"मग तिनं अजून एक दिलं. तुझ्या वाट्याचं. तेबी मीच खाल्लं."

लेकरं खिदळायची. पंचफुला मात्र अंधारात बराच वेळ ते रताळं हातात धरून असायची. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी ती केळीच्या बागेत कामाला जायची, तेव्हा पानांच्या मधोमध धुकं साचलेलं असायचं. बाकीच्या बाया पुढं निघून जात आणि ती बांधावर क्षणभर थांबे. तिला वाटायचं, आणखी थोडं आत शिरलं की लाल ठिपका दिसेल. ही हौस तिनं कुणालाही सांगितली नव्हती. साड्या मागितल्या नाहीत, दागिने मागितले नाहीत, ही एक दिल्ली मात्र तिला खरोखरीच हवी होती. आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोती केळीची फणी घेऊन आला. हा ज्ञानोबाचा जुना सोबती. दिल्लीच्या त्या फेरीला ट्रक चालवायला हाच होता. ज्ञानोबा दूध आणायला गेलेला, बुद्धप्रिया आत केस विंचरत होती. दुपारच्या एसटीनं ती नोकरीच्या गावी, लातूरला परतणार होती आणि त्याआधी तिला आईचं उत्तर हवं होतं.

पंचफुलानं चहा पुढं केला आणि हळूच विचारलं, "मारोतीभाऊ, दिल्लीत तो केळीचा बाजार कुठशी हाय? पोरगी नेते म्हणते. ह्यांना विचारलं तर धड बोलंनात."

"त्याला काय माहीत असणार, वैनी?" मारोती बशीत चहा ओतत हसला. "तो नागपूरच्या म्होरं आलाच कुठं?"

मारोती आपल्या नादात सांगत गेला.

"ताप असा चढला, का अंगाला हात लावू देईना. नागपुरातच माझ्या आत्याच्या घरी टाकला अन् मी गाडी घेऊन गेलो. टायफाईड निघाला. आत्यानं लई केलं त्याचं. थंडीनं कुडकुडायचा तर अंगावरची शाल काढून त्याला पांघरायची."

"निळी?"

"हाव, निळीच. तुमाला कसं ठाव? अन् तापात तुमचंच नाव घ्यायचा म्हणं. आत्या विचारायची, लेका, ही पंचफुला कोन?"

"आन् दिल्ली?"

"दिल्ली काय, मीच माघारी आल्यावर सांगितली. मी तरी काय पाहिलं? धुकं होतं. माल उतरवला, एका गाड्यावर रताळं खाल्लं, निघालो. हा पडल्या पडल्या ऐकायचा अन् म्हणायचा, अजून सांग." बोलता बोलता मारोतीचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडं गेलं आणि त्यानं बशी खाली ठेवली. "वैनी, तुमाला हे माहीत न्हवतं?"

"माहीत होतं," पंचफुला म्हणाली. "चहा घ्या. गार होईल."

तो गेल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली. राग आला, चांगलाच आला. उभा जन्म या माणसानं आपलं गावभर हसं करून ठेवलं, असं वाटलं. मग बसलेली गालफडं आठवली, गळलेले केस आठवले. दर दसऱ्याला दीक्षाभूमीला गेल्यावर ज्ञानोबा तासभर कुठंतरी जाऊन यायचा. "वळखीची म्हातारी हाय," म्हणायचा. एके वर्षी तिथून आला आणि दिवसभर जेवला नाही. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरच झालं होतं. आपला माणूस परक्या घरी मरणाच्या दारात पडला होता आणि आपल्याला ते कळू नये म्हणून त्यानं तापातून एक आख्खं शहर उभं केलं, हे तिला आज कळलं. तिचे डोळे भरून आले. केळीच्या फणीवर ऊन सरकत आलं होतं आणि लख्ख उजेड असूनही सगळं अंगण तिला धुरकट दिसत होतं.

दुपारी बुद्धप्रियानं पिशवी भरली. ज्ञानोबा ओट्यावर पाठमोरा बसून शेंगा फोडत होता. बंगळुरूची हवा कशी बारमाही गोड असते, हे त्यानं कुणी न विचारता दोनदा सांगून झालं होतं. पंचफुला त्याच्यासमोर येऊन बसली आणि टोपलं दोघांच्या मधे ओढलं.

"आई, ठरलं का?"

"दिल्ली."

ज्ञानोबाच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. मान त्यानं वर केली नाही.

"पण दिवाळीत न्हाई," पंचफुला म्हणाली. "पौषात जायचं. ऐन धुक्यात."

"आई, काहीतरीच काय! तेव्हा तिथं दोन हातांवरचं दिसत न्हाई. गाड्या निम्मा निम्मा दिवस लेट होतात. लोक धुकं टाळून जातात."

"लोकांचं लोकांपाशी. मला धुक्यातलीच पाहायची."

बुद्धप्रियानं कपाळाला हात लावला आणि हसत हसत आत पाण्याची बाटली भरायला गेली. ओट्यावर दोघंच उरली. ज्ञानोबानं शेंग फोडली, दाणे टोपल्याबाहेर सांडले. ते वेचत तो पुटपुटला.

"धुक्यात काय दिसंल गं तुला?"

"तुम्हाला दिसलं तेवढं दिसलं तरी बास."

त्यानं वर पाहिलं. ती खाली मान घालून शेंगा फोडत होती, ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं. तो तिच्याकडं बघत राहिला.

"ती म्हातारी आता नसंल," शेवटी तो म्हणाला.

"नसू द्या. रताळं तर असंल. माझ्या वाट्याचं राहिलंय."

आतून नळाचा आवाज येत होता. ज्ञानोबानं वेचलेले दाणे तिच्या ओंजळीत टाकले आणि उगाच धोतराला हात पुसले.

"मफलर घ्यावा लागंल मग," तो म्हणाला. "तिकडं थंडी लई असती, म्हणतात."

"हाव," पंचफुला म्हणाली, आणि त्यातले निम्मे दाणे तिनं त्याच्या हातावर ठेवले.