पुनाचा शिंपला

“अठरावा! ताई, माझा बघा, केवढा फुगलाय! पुनाचा याच्या निम्मासुद्धा नसेल!”

“माझा बघ, मग तोंड उघड!” पुना ओरडला.

आइतुताकी बेटाच्या खाजणात, कमरेएवढ्या पाण्यात, तेरेपाई गुरुजींची वीस पोरं रांगेत नुसती उड्या मारत होती. वर्षापूर्वी गुरुजींनी प्रत्येकाला पंज्याएवढा एकेक पाउआ शिंपला सांभाळायला दिला आणि तेवढ्या पाण्यावर बंदी घातली. इथलं कुणी काही काढायचं नाही. मूल्यशिक्षणाचा तास ते एकतीस वर्षं असाच घेत आले. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. आज मी मत्स्यखात्याची मोजपट्टी घेऊन आले होते. एकाही शिंपल्याला माणसाचा हात लागला नसेल, तर बक्षीस म्हणून अख्खा वर्ग विमानाने रारोटोंगाच्या मोठ्या बेटावर जाणार होता.

“एकोणिसावा!”

शेवटी पुनाने बुडी मारली. वर आला तो रडकुंडीला येऊनच.

“नाहीये.”

“ऑक्टोपसनं खाल्ला!” तेपाएरू किंचाळली. “मी पाहिलाय त्याला!”

“मीपण! एवढे पाय होते!”

मी वाकून पाहिलं. ऑक्टोपस मांस खाऊन रिकामी कवचं तिथेच टाकून जातो. इथे कवचं नव्हती, आणि शिंपल्याचे खडकाला चिकटलेले तंतू सुरीने सरळ कापलेले होते. तरी ‘ऑक्टोपस’ असं लिहायला मी पेन काढलं. ऑक्टोपसचा गुन्हा वर्गाला लागत नव्हता.

“थांब पोरी.” गुरुजी त्या खडकाकडे बघत होते. “काल आमच्याकडे काय जेवलीस?”

नारळाच्या दुधातला पाउआ. मी दोनदा मागून घेतला होता.

“पाहुणी आली आणि घरात नुसतं डब्यातलं मांस,” गुरुजी पोरांना म्हणाले. “लाज वाटली. दिवस मावळत होता. मला वाटलं, खडक हद्दीबाहेरचा आहे.” ते थांबले. “नाही. वाटलं वगैरे काही नाही. मी नीट बघितलंच नाही. लिही, माणसाचा हात. माझा.”

“म्हणजे विमान नाही?” पुनाने विचारलं.

“नाही.”

मग तेपाएरू हळूच म्हणाली, “गुरुजी, तुम्हीच सांगता ना, चुकलेल्यानं रांगेत शेवटी उभं राहायचं असतं.”

गुरुजींनी टोपी काढली आणि पाणी कापत रांगेच्या टोकाला गेले. पुनाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त थोडा पुढे सरकून त्यांना जागा करून दिली.