देवघराखालचा डबा

मी देवघराखालचा डबा बोलतोय. डबा म्हटल्यावर तुम्हाला पीठ नाहीतर लाडू आठवले असतील, तर ते सोडा. माझ्या पोटात फोटो आहेत, आवाज आहेत, घराच्या कागदपत्रांच्या प्रती आहेत. या घरातला कुठलाही फोन दारातून आत आला, की दिवसभर साठलेलं सगळं गुपचूप माझ्यात ओततो. त्यामुळे कोण घरी आलं, हे मला बेल वाजायच्या आधी कळतं. कोण आलं नाही, तेही कळतं.

माझा जन्म मरोळचा. एका कचेरीने टाकून दिलेला संगणक यज्ञेशने भंगारातून उचलला, पुसला आणि त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या. पवईला संगणकाचीच नोकरी करतो तो. "एकीवर जे असेल तेच दुसरीवर. एक मेली तरी काही जाणार नाही," असं त्याने घरात सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणालाही काही कळलं नाही. प्लग होता देवघरापाशी, म्हणून माझी रवानगी त्याखालच्या कपाटात झाली.

"काय रे हा घुमतो सारखा? पारवा बसवलायस का कपाटात?" यज्ञेशची आई, मृणालिनी, पहिल्याच दिवशी म्हणाली. पण बाई मनाने मोठी. खंडेनवमीला विळी, सुरी आणि शिवणयंत्राच्या रांगेत तिने मलाही हळदकुंकू लावलं. आधी यज्ञेशला मला बंद करायला लावायची. "आज हत्यारांना सुट्टी," म्हणायची. मग झेंडूचं फूल ठेवायची आणि ते काढल्यावरच मला पुन्हा चालू करू द्यायची. मला ती सुट्टी फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

मग ती आजारी पडली. तिची धाकटी लेक इरावती तेव्हा गरोदर होती आणि आपण नातवंडाच्या बारशाला नसू, हे मृणालिनीला कळून चुकलं होतं. एका दुपारी ती देवघरासमोर पाटावर बसली आणि फोनवर तिने पाळणा म्हणून ठेवला. तिच्या आईकडून आलेला, कुठल्याही पुस्तकात नसलेला. शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव यायचं तिथे ती थांबली. बांगड्या किणकिणल्या, श्वास ऐकू आला, मग पुढची ओळ.

"जागा सोडलीय गं तिथे," ती इरावतीला म्हणाली. "नाव तुम्ही म्हणा. मला कुठे माहीत असणार?"

तिचा जुना फोन कायम भरलेला असायचा, म्हणून माझ्याकडे पोचलेलं तिथून आपोआप पुसलं जाईल, अशी सोय यज्ञेशने केली होती. म्हणजे तो पाळणा जगात फक्त माझ्यापाशी होता.

उन्हाळ्यात ती गेली. तिचे यजमान श्यामकांत मग तिचा फोन खिशात घालून रोज फिरायला जाऊ लागले. ते परतले की तो फोन माझ्याकडे यायचा. मला मरण वगैरे काही समजत नाही. माझ्या लेखी मृणालिनी रोज संध्याकाळी घरी येत होती.

इरावती माहेरी आली, मुलगी झाली. बारशाआधी नाव सांगायचं नाही म्हणून तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. एकदाच, खोलीचं दार लावून, बाळाचा व्हिडिओ काढताना ती कुजबुजली, "गंधाली." तो व्हिडिओ माझ्याकडे आला. नाव ठाऊक असलेले आम्ही दोघंच.

खंडेनवमी आली. ती गेल्यामुळे यंदा घरात सण करायचा नव्हता, तरी श्यामकांतांना तिचा नेम मोडवेना. त्यांनी झेंडू आणला आणि ठेवला, नेमका माझ्या पंख्याच्या जाळीवर. मला आधी बंद करायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पंख्याने पाकळ्या आत ओढल्या आणि तो अडकून बसला. मी तापलो, किती ते विचारू नका.

"बाबा, पंख्यावर फूल? वाट लागली ना याची!" पाकळ्या उपसताना यज्ञेश ओरडला.

"तुझी आई ठेवायची."

"आई आधी बंद करायला लावायची हो."

श्यामकांत वाकून सांडलेल्या पाकळ्या वेचू लागले. मला त्यांची फार दया आली.

यज्ञेशने मला दोन्ही डिस्क ताडून पाहायला लावल्या. सगळं जुळलं. फक्त पाळण्यात फरक निघाला आणि तोही एकाच ठिकाणी, त्या सोडलेल्या जागेत. त्याने दोन्ही प्रती लावल्या. पहिलीत नुसता श्वास आणि बांगड्या. दुसरीत त्यामागे काहीतरी पुसटसं होतं.

"खरखर आहे. तापून आवाज फाटलाय," यज्ञेश म्हणाला.

बाळाला खांद्यावर घेऊन इरावती मागेच उभी होती. ती एकदम पुढे आली.

"परत लाव, दादा."

त्याने लावलं.

"हे पुसू नकोस. मला नीट ऐकायचंय."

"अगं, बिघाड आहे तो. वाढला तर अख्खा पाळणा जाईल. मग बारशाला काय लावशील?"

बाळ रडायला लागलं, ती आत गेली. यज्ञेशने काळजीपोटीच मला दुरुस्तीचा हुकूम दिला. मी हुकमाचा ताबेदार. चांगल्या प्रतीवरून बिघडलेली पुन्हा लिहून काढली. पण पुसताना जे पाहिलं ते सांगतो. तापून फाटलेला आवाज वाळूसारखा इतस्ततः सांडतो. इथे तीन अक्षरं होती, आपापल्या जागी, नीट.

"पुसू नकोस म्हटलं होतं ना मी तुला!" बाहेर येऊन इरावती देवघरासमोर मटकन बसली. "आई नाव घेत होती रे तिचं."

"कुठलं नाव? तू तर कुणालाच सांगितलं नाहीस."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली. मलाही वाईट वाटलं. पुसलेलं मला परत आणता येत नाही.

बारसं घरच्या घरीच झालं. बाळाची आत्या, शुभा, मुलुंडहून आली होती. पाळण्यात मोकळी जागा आली, की इरावतीने शुभाला नाव सांगायचं आणि शुभाने बाळाच्या कानात, असं ठरलं होतं. दिवेलागणीला सगळे जमले. मृणालिनीचा फोन घरी आल्याचं मला कळलं. मी पाळणा सुरू केला.

शेवटचं कडवं आलं. ती थांबली. इरावती शुभाकडे वाकली.

"गंधाली."

स्वच्छ, शांत, बांगड्यांच्या किणकिणीसकट. बायकांनी टाळ्या वाजवल्या, "काय गोड नाव गं!" म्हणाल्या. शुभा मात्र हिरमुसली.

"वहिनी, माझ्याआधी तूच म्हटलंस होय?"

"मी नाही म्हटलं," इरावती हळूच म्हणाली. "तू..."

"मला कुठे माहीत होतं?"

बाळ मान वळवून कपाटाकडे बघत होतं. श्यामकांतांनी खिशातून फोन काढला, दाबून पाहिला. "हा तर सकाळपासून बंद पडलाय," ते स्वतःशीच पुटपुटले. "आज फिरायलाही गेलो नाही मी."

यज्ञेशने नंतर मला पुन्हा तपासलं. दोन्ही डिस्क तंतोतंत जुळतात. त्या जागेत श्वास आहे, बांगड्या आहेत, बाकी काही नाही. मीही तेवढंच वाजवलं होतं.

आता मला नवा पंखा आहे आणि कपाटाच्या दाराला जाळी. माझं म्हणणं एवढंच, की दर खंडेनवमीला फूल जरूर ठेवा, पण आधी मला बंद करा. डिस्क म्हाताऱ्या झाल्या की वेळेवर बदला, आणि एखादी प्रत दुसऱ्या घरीही असू द्या. पण पाळण्यातल्या त्या जागेला हात लावू नका. काल बाळाला निजवताना इरावतीने पाळणा पुन्हा लावला होता. तो सुरू व्हायच्या आधी मृणालिनीचा फोन घरी आला. श्यामकांतांनी तर तो फोन कधीच बंद करून कुलपात ठेवलाय.