गाठोड्याचं कापड

"थांबा विमलताई, पाय नका ठिऊ! त्या पिवळ्याचं अजून ठरलं नाई."

अंगणभर कापडाचे चौकोन मांडून कांताबाई बाजेवर उभी होती. डोळे बारीक करून वरून पाहायची, उतरून दोन चौकोन इकडचे तिकडे करायची, की पुन्हा बाजेवर. पासष्टीच्या बाईने असं चढावं-उतरावं हे सुनेला पसंत नव्हतं. पण गोधडीपुढे कांताबाई कुणाचं ऐकते! दारव्ह्यात गोधड्या शिवणाऱ्या पुष्कळ. हाताला येईल तो तुकडा जोडून मोकळ्या होतात. कांताबाई मात्र रंग जागेवर बसल्याशिवाय सुईत दोरा ओवत नसे.

विमलताईंच्या सासूबाई दिवाळीत गेल्या. त्यांच्या लुगड्यांची गोधडी घेऊन त्यांची नात, विमलताईंची मुलगी सलोनी रविवारी नोकरीला पुण्याला निघणार होती. विमलताईंनी निवडून सणासुदीची लुगडी आणली होती. लाल, पोपटी, हळदी. तीच आता एकमेकांवर खेकसत होती. तीन दिवस झाले तरी मांडणी जमेना.

"नसन जमत तं राहू द्या," विमलताई हिरमुसून म्हणाल्या. "मी बाजारातून ब्लँकेट घेतो."

कांताबाईची नजर भिंतीपाशी गेली. ज्यात गाठोडं बांधून आणलं होतं ते विटकं कापड तिथे पडलं होतं. तिने ते उचललं, मधोमध चाचपलं आणि कात्री घेतली.

"अवं, ते काहून कापता? गाठोड्याचं फडकं हाये ते!"

"फडकं नोहे, बाई. तुमच्या सासूचं कापूस येचाचं लुगडं हाये. कापसाची वटी बांधून बांधून इथं पाहा कसं झिरलं. बारा वर्सं वावरात त्यायच्या बाजूचं तास, बाजूची ओळ, माही राहे. मले नाई समजन तं कोणाले?"

लाल आणि पोपटीच्या मध्ये तिने एक विटका चौकोन ठेवला. हळदीच्या दोन्ही अंगांना एकेक. मग बाजेवर चढली आणि पहिल्यांदाच हसली. भांडण मिटलं होतं. प्रत्येक रंग आपापल्या जागी खुलून दिसत होता. सासूबाईंनी स्वतः रफू केलेला एक तुकडा तिने वेगळा काढून उशाच्या बाजूला मांडला.

"हा सलोनीच्या गालापाशी."

विमलताई उंबऱ्यावरच बसल्या. बावीस वर्षं एका घरात राहून, सासू रोज काय नेसून वावरात जाते हे आपण कधी नीट पाहिलंच नाही, याची त्यांना लाज वाटली.

दोन शेजारणींना सोबत बसवून कांताबाईने शनिवारी दुपारी गोधडी पुरी केली. विमलताई न्यायला आल्या. सवयीने त्यांनी गाठोडं बांधायला कापड शोधलं, पण ते आता उरलं नव्हतं.

"पिशवी देऊ?" कांताबाईने विचारलं.

विमलताईंनी नकारार्थी मान हलवली. गोधडी तशीच दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या भर उन्हात घराकडे निघाल्या.