चिंध्या बांधलेली कणसं

बनुबाईचं वर्षश्राद्ध झालं ते साल शेहेचाळीस. श्राद्धाची भांडी घासून पालथी घातली न घातली, तोच बन्सीचे पलटणीतले दोन दोस्त पुणतांब्याच्या स्टेशनावर उतरले आणि कुणाच्या तरी बैलगाडीत बसून मळ्यात दाखल झाले. मळा राहात्याच्या बाहेर, कालव्याच्या खालच्या अंगाला. बनुबाई ही बन्सीची आई. पोरगा लढाईवरून जिता परत आलेला तिला दिसला नाही. तो दारात आला तेव्हा तिचं तेरावं उरकलं होतं.

पाहुण्यांतला रंगनाथ सोलापूरकडचा, मिशीला पीळ देत मोठ्यानं बोलणारा. सहादेव साताऱ्याचा. तो बोलायचा कमी आणि जेवायचा जास्त. हे दोघं आणि बन्सी आफ्रिकेच्या वाळूत पकडले गेले, इटलीत कैदेत पडले आणि तिथलं सरकार कोसळलं तेव्हा छावणीतून पळाले. पुढचा सगळा हिवाळा त्यांनी डोंगरातल्या एका शेतकरी म्हातारीच्या गोठ्यात, गवतात लपून काढला. जर्मन शिपाई गावोगाव हिंडत होते. हे तिघं सापडले असते तर म्हातारीलाही भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. तरी तिनं त्यांना जेवू घातलं. बन्सीनं ही हकीकत घरी इतक्यांदा सांगितली होती, की त्याच्या बायकोला, मनकर्णेला, ती म्हातारी शेजारच्या वस्तीवरची वाटू लागली होती.

पहिले दोन दिवस मनकर्णा काही बोलली नाही. ज्यांच्या सोबतीनं आपला माणूस वाचला त्यांना चार घास घालायचे, एवढं तिलाही कळत होतं. कोंबडी कापली. राखून ठेवलेलं तूप काढलं. पण पाहुणे काही हलेनात. रंगनाथ सकाळी बाजेवर पडल्या पडल्या हाक द्यायचा, "वहिनी, च्याचं बघा की जरा!" आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या बाजेवर बन्सी. बैलांचं वैरणपाणी मनकर्णेनं करायचं, पाखरं मनकर्णेनं हाकायची, भाकऱ्याही तिनंच थापायच्या.

"पाव्हनं कवा जानार हायेत?" तिनं त्याला गोठ्याआड गाठून विचारलं.

"कवा म्हंजे? त्या म्हातारीनं आमाला इचारलं हुतं का, कवा जाता म्हनून?"

"तिला नवरा न्हवता बाजंवर लोळाया."

"हळू बोल. ऐकतील."

"ऐकू द्या की!"

बन्सी हसला आणि निघून गेला. त्या हसण्याचा तिला जास्त राग आला.

घरातला गूळ संपला म्हणून ती दुसऱ्या दिवशी राहात्याच्या बाजारी गेली. डोक्यावर गुळाची ढेप घेऊन उन्हातून परतली, तर विहिरीकडून धूर दिसला. गोवऱ्यांचा वास, त्यात कोवळ्या ज्वारीचा भाजका वास. हुरडा चालला होता. तिला वाटलं, बरं झालं, एका वेळच्या भाकऱ्या वाचल्या. ज्वारीचं वावर सगळं रस्त्याकडेला उभं होतं, तिथली कणसं आणली असतील. मग तिच्या ध्यानात आलं की धूर विहिरीच्या अगदी लगत आहे, आणि ती चालायची सोडून पळायला लागली.

विहिरीलगत गुळभेंडीची चार तासं, म्हणजे चार ओळी, होती. हुरड्याला गुळभेंडीसारखी गोड ज्वारी नाही. बनुबाईनं ते बियाणं माहेरून आणलं होतं. लढाईच्या दिवसांत सरकारी माणसं दारोदार फिरून धान्य नेऊ लागली, तेव्हा तिनं ते पेरलंच नाही. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्याचं तोंड लिंपून टाकलं. पुढं घरात दाणा उरला नाही. सासू-सुना पाला शिजवून खात होत्या. त्यातच बन्सी बेपत्ता झाल्याची तार आली. तरी बनुबाईनं मडकं फोडलं नाही. मरायच्या आधी तिनं सुनेचा हात धरून त्या मडक्यावर ठेवला. "हे पेरायचं, खायचं न्हाई," एवढंच म्हणाली.

बियाणं जुनं झालेलं. मनकर्णेनं पेरलं ते निम्मंसुद्धा उगवलं नाही. जे उगवलं त्यातली भरदार कणसं तिनं बियाण्यासाठी हेरली, आणि बनुबाईचं जुनं लुगडं फाडून त्याच्या तांबड्या काठाच्या चिंध्या त्यांना बांधल्या. "हिरीकडच्या तासांना हात लावायचा न्हाई," असं तिनं बन्सीला बजावलं होतं. तो "व्हय, व्हय" म्हणाला होता.

आगटीत विस्तव लालबुंद झाला होता. तिघं भोवती उकिडवे बसलेले. रंगनाथ गरम कणीस तळहातावर चोळत होता आणि फुंकर मारून कोंडा उडवत होता. त्याच्या पायाशी झडलेल्या कणसांचा ढीग होता, आणि त्या ढिगात तांबड्या चिंध्या.

"या वहिनी, या! असा हुरडा जल्मात खाल्ला न्हाई. आन् तुमी तर चांगली चांगली कनसं खुना करून ठिवलेली! म्या बन्सीला म्हनलं, वहिनीचं मन लई मोठं."

मनकर्णेनं ढेप खाली टाकली. "कुनी कापली ही?"

"म्या," बन्सी म्हणाला. "का? पाव्हन्यांसाठीच राखली हुतीस ना?"

तिनं ढिगातली एक चिंधी उचलून त्याच्या तोंडासमोर धरली. "ही वळखता का?"

"चिंधी हाय. त्यात काय वळखायचं?"

"तुमच्या आईच्या लुगड्याचा काठ हाय. तिचं बियानं खाल्लंत तुमी. उपाशी मेली ती, पर हे खाल्लं न्हाई तिनं. आन् तुमी च्या पिऊन, कोंबडी खाऊन वर हे खाल्लंत!"

बन्सीचा चेहरा पडला. पण दोस्तांपुढं बायको ओरडते म्हटल्यावर त्याचाही आवाज चढला. "पुरं कर! चार कनसांसाठी पाव्हन्यांचा पानउतारा करतीस? तिकडं परक्या मुलखातल्या म्हातारीनं आमाला घरातलं सगळं दिलं. सगळं! आन् तू..."

"सगळं न्हाई, बन्सी," सहादेव मधेच म्हणाला.

आल्यापासून तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता. हातातलं कणीस त्यानं खाली ठेवलं.

"तिच्या खाटंखाली मक्याचं पोतं हुतं, वहिनी. बरफ पडून वाटा बंद झाल्या, घरातलं पीठ सरलं. ह्या रंगनाथानं पोत्याला हात घातला, तर म्हातारीनं लाकडी पळीनं त्याची बोटं फोडली. बियान्याचं हुतं ते. मंग ती बरफातनं शेजाऱ्याकडं गेली आन् आमच्यासाठी पीठ मागून आनलं. पर पोतं न्हाई सोडलं."

रंगनाथानं नकळत आपली बोटं मुठीत घेतली. मनकर्णा बन्सीकडं बघत होती. इतक्यांदा सांगितलेल्या हकीकतीत हे पोतं कधीच आलं नव्हतं.

"तिघं दांडगे गडी तुमी, आन् ती एकली म्हातारी," ती म्हणाली. "हिसकून का घेतलं न्हाई?"

"कसं घेनार?" बन्सी खाली बघत म्हणाला. "पोतं भायेर वढून त्याच्यावरच बसून राहिली हुती ती."

"मंग मीबी बसते."

विहिरीवरची भरलेली घागर तिनं उचलली आणि आगटीवर उपडी केली. राखेचा लोट उठला, तिघं खोकत मागं सरले. ती तासांत शिरली. बांधाच्या टोकाला चार चिंध्या अजून फडफडत होत्या. त्या चार कणसांपाशी तिनं बसकण मारली.

ती घरी गेली नाही. बन्सीनं हाका मारल्या, मग दटावलं, मग विनवण्या केल्या. तिनं मान वळवली नाही. घरात बन्सी भाकऱ्या थापायला बसला, त्या एका अंगानं करपल्या आणि दुसऱ्या अंगानं कच्च्या राहिल्या. पाहुण्यांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या आणि सकाळी वळकट्या बांधल्या. जाताना सहादेव बांधापर्यंत आला, लांबूनच हात जोडून उभा राहिला. ती पाखरं हाकत राहिली.

त्यांना गाडीवाटेला लावून बन्सी करपलेली भाकरी फडक्यात घेऊन आला. तिला भूक लागली होती, म्हणून तिनं खाल्ली.

"नाव काय हुतं म्हातारीचं?" तिनं खाता खाता विचारलं.

बन्सी ढेकूळ कुस्करत बसला. मग म्हणाला, "सांगितलं हुतं तिनं. इसरलो."

"इसरलात! येवढा जीव वाचवला तिनं, आन् तुमी नाव इसरलात. तिच्या नावानं माझ्या घरातलं खायाला मातर याद हुती." उरलेली भाकरी तिनं फडक्यात गुंडाळून त्याच्या अंगावर टाकली. "ही गोफन घ्या. त्या टोकाला उभं राहा. एक पाखरू जरी बसलं तर घरात पाय ठेवू देनार न्हाई."

ती चार कणसं पिकली. पुढच्या साली त्यांचं एक तास झालं, त्यानंतर एक वाफा, आणि मग मळ्यात गुळभेंडी पुन्हा पहिल्यासारखी उभी राहू लागली. बन्सी दर साली त्या कडेला गोफण घेऊन उभा राहायचा. इटलीची गोष्ट त्यानं नंतरही सांगितली, पण मनकर्णा कानाच्या टप्प्यात असली तर पोत्यासकट सांगायचा. बियाण्याच्या मडक्याला तिनं त्याला शेवटपर्यंत हात लावू दिला नाही.

बन्सी एकोणीसशे एकाहत्तरच्या वैशाखात वारला. मनकर्णा अठ्ठ्याहत्तरच्या पौषात, हुरड्याच्या दिवसांत गेली.